नानांनी निवडलेला उपाय

हिराजी नानांची आणि माझी ओळख एका गोळीमुळे झाली. प्रोस्टेट नावाची ग्रंथी वाढून ज्यांची लघवीची वाट अडू लागते, अशा पुरुषांना रात्री झोपताना घ्यावी लागणारी ती गोळी मी तेव्हा नुकतीच सुरू केली होती. पनवेलजवळच्या सुकापूरच्या औषधांच्या दुकानात गिऱ्हाइके पांगेपर्यंत मी टॉनिकच्या बाटल्या न्याहाळत उभा राही आणि मग गोळीचे नाव न उच्चारता जुन्या पाकिटाचा कातरलेला तुकडा दुकानदारापुढे सरकवी. त्या दिवशी तुकडा सरकवला आणि मागून खणखणीत आवाज आला, "मना पन तीच दे रं. म्हाताऱ्यांची."

दुकानात दोन बायका होत्या. मी मागे वळून पाहिले नाही. बाहेर आलो तेव्हा ते गृहस्थ माझ्या बरोबरीने चालू लागले. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि हातात कापडी पिशवी. नाव-गाव काही न विचारता त्यांनी विचारले, "रातचं किती येला उठता?"

"तीन-चार वेळा," मी चाचरत म्हणालो.

"मंग बरं हाय तुमचं. मी उठतो ते मोजत नाय. झोपतो ते मोजतो."

आम्ही एकाच इमारतीत राहत होतो, ते पहिल्या मजल्यावर आणि मी दुसऱ्या, हे त्या दिवशी जिन्यापाशी कळले. मी खारघरच्या एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे, असे सांगितल्यावर त्यांनी मला 'मास्तर' म्हणायला सुरुवात केली आणि तत्त्वज्ञान म्हणजे काय, हे शेवटपर्यंत विचारले नाही. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

नाना खाडीकाठच्या एका गावचे, आगरी. भात आणि मीठ या दोन्हींवर वाढलेले घर. खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध, आणि शेतातले पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर पडावे म्हणून त्यात बसवलेले लाकडी दार, ज्याला ते उघाडी म्हणत, या दोहोंची देखरेख पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराकडे होती. भरतीने बांध फुटला की 'घरटी एक माणूस' अशी हाळी गावभर फिरे. ज्या घरातून माणूस आला नाही, ते घर मग बरेच दिवस खाली मान घालून वावरे. पुढे शहर वाढले, जमिनी गेल्या आणि ती उघाडी कुठल्याशा चौपदरी रस्त्याखाली गाडली गेली. माणसे पारखण्याची नानांची रीत मात्र तिथलीच राहिली. कुणाविषयी विचारले की ते म्हणत, "बरा हाय. बोलावल्याबिगर येतो." यापलीकडे त्यांची स्तुती जात नसे.

गावात त्यांच्या मुलाने, कमलाकरने, दुमजली घर बांधले होते. पत्नीच्या मागे नाना तिथेच होते. मग सुकापूरच्या या दोन खोल्यांत ते एकटे का राहायला आले, हे मला बऱ्याच दिवसांनी समजले. एकदा जिन्यात दम खायला थांबले असता ते आपणहून बोलले. नव्या घराचा संडास कमलाकरच्या खोलीला लागून. रात्री नाना उठले की दाराची कडी वाजे, पाण्याचा लोट सुटे, अंगणातला कुत्रा भुंके आणि बारावीच्या अभ्यासाला बसून नुकती झोपलेली नात जागी होई.

"सून काही बोलली का?" मी विचारले.

"सून काय बोलली नाय. त्याचंच वाईट वाटलं. सकाली चाय दिली नि नुसतं डोलं चोलत ऱ्हायली."

म्हणून त्यांनी एके दिवशी जाहीर केले की, सुकापूरला घेऊन ठेवलेली आपली जागा बंद पडून आहे, वाळवी लागेल, कुणीतरी राहायला हवे. "नको जाऊ, असं कोन बोललं नाय," एवढे सांगून ते पुढची पायरी चढले. मग वरून म्हणाले, "ऑपरेशन करून घेईन. रातचा गप झोपाया लागलो का घरी जाईन. बास."

त्यांची सारी वाटचाल या एका वाक्याकडे होती. एरवी ते विनोदी होते. पनवेलचा नकाशा त्यांच्या डोक्यात निराळाच होता. देवळे, दवाखाने, बाजार या खुणा त्यात नव्हत्या. कुठला हॉटेलवाला चहा न घेताही मागच्या दाराने आत जाऊ देतो, कुठल्या बँकेचा रखवालदार म्हाताऱ्यांना अडवत नाही, कुठल्या मंगल कार्यालयात पुरुषांची सोय तळमजल्यावर आहे, यांवरून ते रस्ता ठरवीत. लग्नाचे निमंत्रण घेऊन कुणी आले तर मुहूर्त विचारण्याआधी ते विचारत, "हॉलची मोरी कनच्या बाजूला?" निमंत्रण देणारा हसे. नाना हसत नसत. उत्तर मिळेपर्यंत ते अक्षता हातात धरून थांबत.

घरात ते टीव्ही चालू ठेवत आणि स्वयंपाकघरात बसत. बातम्या देणारी मुलगी बोलत असली की कुणीतरी पुढच्या खोलीत आहे असे वाटते, असे त्यांचे म्हणणे. सकाळी हौशाबाय नावाची कोळीण पाटी घेऊन दारात येई. तिचा फेरा आधी त्यांच्या गावातून होई, त्यामुळे ती मासळीबरोबर गावच्या बातम्याही आणी. नाना बोंबील घेत दोन आणि बातम्या घेत तासभर.

"नात पास झाली तुजी," ती सांगे.

"मना फोन नाय आला."

"येईल. पोरं हायत. त्यांना कवा सुचतंय?"

"त्यांना नाय तर त्यांच्या आयशीला," नाना म्हणत आणि तिसरा बोंबील उलटून पाहून परत पाटीत ठेवीत.

त्या वर्षी वैशाखात त्यांच्या चुलतभावाच्या नातवाची हळद होती. आगरी घरातली हळद म्हणजे काय, हे पनवेलच्या माणसाला सांगायला नको. मांडव, बेंजोचा ताफा, जेवणावळी, आणि या सगळ्याच्या मधोमध नवरदेवाजवळ बसून धवळे, म्हणजे लग्नविधींची गाणी, म्हणणारी धवलारीण. नाना घरातले थोरले, म्हणून त्यांना मांडवात पुढे खुर्ची. लघवीची कळ त्यांना बसल्या बसल्याच आली. पण थोरला माणूस धवळे चालू असताना उठला, तर त्याचा अर्थ एकच होतो. तो रुसला. मग भावकी विचारू लागते, कुणी काय बोलले, मान कुणाचा चुकला, आणि मुलाच्या हळदीचे भांडण होते. नाना उठले नाहीत. धवळे संपले, हळद लागली, पाया पडणारे पाया पडून गेले, कुणीतरी आग्रहाने हातात दिलेला पेलाही त्यांनी संपवला. सर्व यथासांग झाल्यावर ते उठले तेव्हा वाट पुरती बंद झाली होती.

रिक्षा करून ते सुकापूरला आले ते माझ्या दारात. दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभे होते. तोंडावर हळद होती आणि तिच्यावरून घाम ओघळत होता.

"मास्तर, पानी अडलंय," ते म्हणाले. "उतरत नाय."

पनवेलच्या रुग्णालयात नळी घातली गेली आणि त्यांनी सोडलेला सुस्कारा मला पडद्याबाहेर ऐकू आला. परिचारिकेने बाहेर येऊन मला विचारले, "पेशंटचे कोण तुम्ही?" आतून नानांनीच सांगितले, "आमची गोळी एक हाय."

डॉक्टरांनी नळी काही दिवस ठेवून शस्त्रक्रियेची तयारी करायला सांगितली. नळीची पिशवी लेंग्याच्या आत पायाला बांधून नाना घरी परतले. त्या दिवसांत ते दार उघडे टाकून बसत. जिन्यात पाऊल वाजले की टोपी सारखी करीत. हळदीतून ते कसे गेले, बरे होते की नाही, हे विचारायला गावाहून कुणीतरी येईल, अशी त्यांची समजूत होती. कुणी आले नाही. येण्याचे कारणच नव्हते. ते शेवटपर्यंत बसले होते, जेवले होते, आणि सर्वांना हात जोडून निघाले होते.

"उठाया पायजे व्हतं मधीच," ते एकदा मला म्हणाले. "रुसलो असतो तर आले असते."

ते वाक्य मी इतक्या वर्षांत पुष्कळदा आठवले आहे.

शस्त्रक्रियेचे दोन प्रकार आहेत, हे त्यांना रुग्णालयातच कळले होते. त्यांनी दोहोंचा तपास स्वतःच्या रीतीने सुरू केला. संध्याकाळी वडाळे तलावाच्या काठी म्हातारी माणसे बसतात, तिथे ते मला घेऊन जात. ओळख असो वा नसो, शेजारी टेकत आणि दोन वाक्यांत विषयावर येत. दुर्बिणीतून ग्रंथी खरवडून काढणे म्हणजे 'कापणे' आणि लेझर म्हणजे 'जाळणे', अशी नावे त्यांनी ठेवली होती. "तुमचा कापला का जालला?" हा प्रश्न एखाद्या अनोळखी वृद्धाला विचारला गेला की मी तलावातल्या बदकांकडे पाहू लागे.

आश्चर्य म्हणजे कुणी रागावले नाही. एक निवृत्त ट्रकचालक तर वाटच पाहत असल्यासारखा बोलू लागला. "कापलं माझं. पहिले दोन दिवस लाल पाणी बघून मी मुलाला म्हटलं, संपलो. तिसऱ्या दिवशी असा नळ सोडला, की सिस्टर म्हणाली, आजोबा, हळू."

"कोन ऱ्हायला तुमच्यासंगं?"

"सगळे. पाळ्या लावल्या होत्या पोरांनी. भेटायला इतके आले की वॉर्डबॉय ओरडला."

त्याच्या पलीकडे बसलेल्या, जुन्या मोहल्ल्यातल्या एका फळांच्या व्यापाऱ्यांनी मान हलवली. "मी लेझर केलं, चाचा. खून नाही, काही नाही. आज गेलो, उद्या घरी. जळजळ तेवढी राहिली महिनाभर, अल्ला कसम, मिरची लावल्यासारखी."

"भेटाया कोन आलं?"

"कोण येणार? कुणाला खबर होईपर्यंत मी दुकानात बसलो होतो."

नानांनी दोघांचेही ऐकून घेतले. मी समजत होतो की त्यांचा कौल लेझरकडे जाईल. कुणाला पत्ता लागू न देता बरे व्हायचे आणि घरी जायचे, हेच ते आरंभापासून बोलत आले होते.

डॉक्टर मध्यमवयाचे आणि शांत होते. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवले. "काका, दोन्हींत पोटावर टाका नाही. लघवीच्या मार्गातूनच जायचं. एकात करंटच्या तारेने वाढलेला भाग थोडा थोडा खरवडतो. दुसऱ्यात तोच भाग लेझरने जाळतो, त्याची वाफ होते."

"फरक काय मंग?"

"खरवडलं तर रक्त जरा जास्त जातं. नळी राहते, सलाइनने आतून सारखं धुवावं लागतं, म्हणून तीन-चार दिवस इथे. पण जुनी, खात्रीची पद्धत आहे, आणि काढलेले तुकडे तपासता येतात. लेझरला रक्त कमी, बहुतेक दुसऱ्या दिवशी घरी. खर्च जास्त, काही आठवडे जळजळ होऊ शकते आणि तपासायला तुकडा उरत नाही. तुमचा रक्ताचा रिपोर्ट चांगला आहे, त्यामुळे कॅन्सरची काळजी नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असती तर मी लेझरच करा म्हटलं असतं, ती तुम्हाला नाही. लघवी दोन्हींनी सारखीच मोकळी होते. तुम्ही ठरवा."

"सोबत मानूस लागंल?"

"लेझरला एक रात्र. खरवडलं तर रोज कुणीतरी हवं."

नानांनी चित्राचा कागद घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. मग त्यांनी विचारले, "भेटायची येल काय असते?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. "संध्याकाळी. पाच ते सात."

"कापा," नाना म्हणाले.

बाहेर आल्यावर त्यांनी मला कारण दिले. तुकडा तपासून येतो ते बरे, मनात शंका राहत नाही. कारण सयुक्तिक होते आणि मी ते मानले.

कमलाकरला कळवू का, असे मी विचारले. त्यांनी हात झटकला. "बोलवून आलेला मानूस पावना." दुसऱ्या दिवशी सकाळी हौशाबाय आली तेव्हा मी जिन्यातून उतरत होतो. नाना तिला खालच्या आवाजात बजावत होते, "सोमवारी माजं ऑपरेशन हाय. गावात कोनाला बोलू नको. कमलाकरला तर नायच." हौशाबायने पाटी डोक्यावर घेतली. "माज्या तोंडातून नाय जायाचं," ती म्हणाली. दोघांनाही ठाऊक होते की, संध्याकाळपर्यंत ही बातमी गावाच्या शेवटच्या घरी पोहोचणार.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. सोबतीला मी राहिलो, कारण दुसरे कुणी नव्हते. मंगळवारी दुपारी चारलाच नानांनी मला सदरा बदलायला मदत करायला लावली. टोपी घातली. नळीच्या पिशवीवर लाल पाणी दिसत होते, तिच्यावर टॉवेल टाकून घेतला. मग शेजारच्या खाटेजवळची रिकामी खुर्चीही मागून घेतली.

"एक खुर्ची आहे की," मी म्हणालो.

"तुमी बसलाय तीवर."

तेव्हा मला त्यांच्या निवडीचा अर्थ कळला. जास्त रक्त, जास्त दिवस, सारखे चाललेले ते धुणे, हे सर्व त्यांनी पत्करले होते ते गावाला यायला सवड मिळावी म्हणून. पाच वाजले. इतर खाटांभोवती माणसे जमली, डबे उघडले गेले, कुणाचे नातू खाटांखालून धावले. नाना दाराकडे पाहत ताठ बसून होते. सातला घंटा झाल्यावर त्यांनी स्वतःच टोपी काढून उशाशी ठेवली.

बुधवारी हौशाबाय आली, शहाळे घेऊन. तिला खुर्ची दिली तर ती जमिनीवर बसली.

"सांगितलं नायस ना कोनाला?" नानांनी विचारले.

"सांगितलं," ती म्हणाली. "सगल्यांना सांगितलं. कमलाकर बोलला, आता लेजर असतं, आज जा, उद्या घरी. बाबा सुकापूरला आला असंल. तो काल सांजचा सुकापूरला गेला व्हता. तुज्या दाराला कुलूप. त्याला वाटलं, तू फिराया गेलास तलावावर. तासभर जिन्यात बसला नि माघारी आला."

"तासभर?"

"तासभर. त्याच्या बायकोनं पेज दिली व्हती संगं. तीपन माघारी आनली."

शहाळ्याचे पाणी नाना थोडे थोडे करून प्यायले. मग म्हणाले, "पेज कसली? साधी का उकड्या तांदलाची?"

"ते मना काय ठावं?" हौशाबाय म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

मी कमलाकरला फोन करू लागलो तेव्हा त्यांनी माझा हात धरला. आता येईल तो, म्हणाले. पण बुधवार-गुरुवार कमलाकर कामानिमित्त बाहेरगावी होता आणि हौशाबायचा निरोप त्याला परतल्यावर मिळाला. तो आला शुक्रवारी, नळी काढून नानांना घरी सोडायच्या वेळी. थेट गाडीतून उतरून धावत आल्यासारखा दिसत होता. ऐन चाळिशीचा, बापासारखाच रुंद खांद्यांचा.

"लेझर का नाय केलंस?" खाटेशी येऊन त्याने पहिले हेच विचारले. "मी काय खर्च केला नसता? डॉक्टर सांगतो दोन्ही व्हतं. एवढं रगत घालवलंस."

"जुना उपाय बरा असतो," नाना म्हणाले.

"कंजुषी केलीस तू. नि नाव माजं खराब."

नानांनी मान डोलावली. खरे कारण त्यांनी सांगितले नाही. मीही ते सांगण्याचा अधिकारी नव्हतो. गाडीत बसताना कमलाकरने दार उघडून धरले आणि म्हटले, "घरी चल, बाबा."

ज्या शब्दांसाठी त्यांनी एवढे सोसले होते, ते शब्द आले होते. नानांचा चेहरा क्षणभर उजळला. मग ते म्हणाले, "आता नको. दोन दिस जाऊं दे."

त्यांच्या गावात पहिल्या बोलावण्याला कुणी उठत नाही. दुसऱ्यांदा म्हणावे लागते, तिसऱ्यांदा हाताला धरावे लागते, आणि मग जाणारा 'बरं, एवढं बोलताय तर' म्हणून पायात चपला घालतो. पण बापाचा शब्द मोडायचा नाही, हेही कमलाकरला याच बापाने शिकवले होते.

"बरं," तो म्हणाला. "मंग फोन कर. गाडी घेऊन येतो."

त्याने आम्हाला सुकापूरला सोडले, पिशव्या वर नेऊन ठेवल्या, बापाच्या पाया पडला आणि गेला.

माझे सुकापूरचे बिऱ्हाड त्याच आठवड्यात उठायचे होते. नाशिकच्या मुलीकडे कायमचे जायचे मी पूर्वीच कबूल केले होते. रविवारी सकाळी निरोप घ्यायला खाली उतरलो तेव्हा नानांच्या दाराला कुलूप होते. ते सोसायटीच्या फाटकापाशी बाकावर बसले होते. इस्त्रीचा सदरा, नवी टोपी, मांडीवर कापडी पिशवी, पायाशी कपड्यांची दुसरी. आत टीव्ही बंद केला की नाही, हे त्यांनी मला पुन्हा एकदा वर जाऊन ऐकून यायला सांगितले. बंद होता.

"रात्री झोप लागते?" मी विचारले.

"सरळ. एकदापन उठलो नाय काल."

"कमलाकरला फोन केलात?"

"फोन कशाला? दोन दिस बोललो व्हतो मी. त्याच्या ध्यानात हाय."

मी त्यांच्याशेजारी थोडा वेळ बसलो. कमलाकरही तिकडे तुमच्या फोनची वाट पाहत थांबला असेल, असे मी म्हणालो. नाना हसले. "तुमी शिकलेली मानसं," ते म्हणाले, "तुमाला सगलं फोनवर लागतं." नंबर माझ्यापाशी होता. मी विचारले, मी करू का? त्यांनी नुसती मान हलवली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात त्यांनी मला स्टँडवर नेणारी रिक्षा येईपर्यंत काढला नाही.

फाटकासमोर रस्त्यावर गतिरोधक आहे. तिथे प्रत्येक गाडी हळू होते. सामान भरून रिक्षा आवारातून निघाली तेव्हा मला दिसले की, दर गाडीला नाना पिशवी उचलून अर्धे उठत होते, आणि गाडी पुढे गेली की पुन्हा बसत होते. माझी रिक्षाही त्या उंचवट्यावर हळू झाली. ते उठले. आत मी आहे असे पाहून त्यांनी हात वर केला आणि खाली बसले.